ताळेबंदात पेटी ठेकेदार कुठे दिसतो?

बांधकाम कंपन्यांच्या शेअरबद्दल नाशिकमध्ये एक घरगुती जिव्हाळा आहे. अशोका बिल्डकॉन इथलीच, २०१० साली शेअर बाजारात आलेली. समृद्धी महामार्गावरचा इगतपुरीचा जवळपास ८ किलोमीटरचा जुळा बोगदा अ‍ॅफकॉन्सने खणला. मुंबईकडे जाणारा वडपे-गोंदे रस्ता गॅमनच्या समूहाने चौपदरी केला. आता २०२६-२७च्या सिंहस्थाची कामं निघाली आहेत: घाट, रिंग रोड, मलनिस्सारण केंद्रं. ओझरच्या एचएएलमधून किंवा नाशिक रोडच्या नोट प्रेसमधून निवृत्त झालेला, ग्रॅच्युइटीतले थोडे पैसे डीमॅटमध्ये ठेवलेला माणूस मग साहजिकच म्हणतो, काम तर डोळ्यांसमोर चाललंय, कंपनी बुडेल कशी?

पण बांधकाम कंपनी काम नसल्यामुळे क्वचितच बुडते. हातात कामं आहेत, क्रेन उभ्या आहेत, ऑर्डर बुक फुगलंय आणि दर आठवड्याला 'अमुक कोटींची ऑर्डर मिळाली' अशी घोषणा बाजाराकडे जातेय, अशा ऐन भरात ती बुडते. ऑर्डर म्हणजे काम करण्याचं बंधन. त्यातून पैसा सुटेल की अंगावर येईल हे टेंडर भरताना ठरलेलं असतं, आणि ते आपल्याला कोणी सांगत नाही.

माझं म्हणणं असं आहे. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपन्यांच्या कारभारासाठी आपण केलेले नियम कंपनीच्या चौकटीच्या आत बघतात. बांधकाम कंपनीचा पैसा मात्र बराचसा चौकटीच्या कडेला फिरतो: एकेका प्रकल्पासाठी काढलेल्या उपकंपनीत, सरकारशी चाललेल्या दाव्यात, पेटी ठेकेदाराच्या, म्हणजे मोठ्या कंपनीकडून कामाचा तुकडा घेणाऱ्या छोट्या ठेकेदाराच्या, थकलेल्या बिलात, आणि 'काम पुरं व्हायला अजून एवढा खर्च येईल' या अंदाजात. त्यामुळे अशा कंपनीचा कारभार-अहवाल अक्षरशः नियमाला धरून असतो आणि तो वाचून भागधारकाला कामाचं काहीच कळलेलं नसतं.

हा अहवाल एकदा उघडून बघा. संचालक मंडळाचा अध्यक्ष प्रवर्तकांपैकी, म्हणजे कंपनी उभी करून ताब्यात ठेवणाऱ्यांपैकी, असेल तर निम्मे संचालक स्वतंत्र हवेत, म्हणून निम्मे असतात. बाजारमूल्याने पहिल्या १००० कंपन्यांत एक स्वतंत्र महिला संचालक हवी, ती असते. लेखापरीक्षण समिती, जोखीम समिती, कोण किती बैठकांना हजर होतं, सगळं तक्त्यात. २०१३चा कंपनी कायदा आणि शेअर बाजारावर नजर ठेवणाऱ्या सेबीची २०१५ची नियमावली यांनी हे करायला लावलं ते योग्यच झालं. पूर्वी एवढंही नव्हतं. तरी हे सगळं असताना काय होतं याची गोष्ट आपल्याकडे घडून गेली आहे, आणि तिच्यात एक बांधकाम कंपनीच होती.

१६ डिसेंबर २००८. सत्यम या सॉफ्टवेअर कंपनीच्या संचालक मंडळाने मेटास प्रॉपर्टीज आणि मेटास इन्फ्रा या दोन कंपन्या सुमारे १.६ अब्ज डॉलरला विकत घ्यायचं ठरवलं. दोन्ही सत्यमचे अध्यक्ष रामलिंग राजू यांच्या कुटुंबाच्या. मंडळावर हार्वर्डचे प्राध्यापक होते, देशाचे माजी कॅबिनेट सचिव होते. ठराव मंजूर झाला. तो हाणून पाडला बाजाराने: अमेरिकेत शेअर कोसळला आणि काही तासांत सौदा मागे घ्यावा लागला. ७ जानेवारी २००९च्या पत्रात राजूंनी कबूल केलं की ताळेबंदातल्या खोट्या मालमत्तेच्या जागी खरी मालमत्ता आणून बसवण्याचा तो शेवटचा प्रयत्न होता. सत्यम हा सॉफ्टवेअरचा घोटाळा म्हणून लक्षात राहिला. मला त्यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. बँकेतल्या नसलेल्या पैशाची जागा भरायला राजूंना जमिनीची आणि बांधकामाची कंपनीच का लागली? अर्धवट प्रकल्पाची आणि जमिनीच्या तुकड्याची किंमत पटेल तेवढी सांगता येते म्हणून. रोकड मोजता येते, अर्धा पूल मोजणं अवघड.

पुढे मेटास इन्फ्रा आयएल अँड एफएस या पायाभूत प्रकल्पांना पैसा पुरवणाऱ्या समूहाच्या ताब्यात गेली आणि तिचं नाव बदललं. २०१८ मध्ये तो समूहच कोसळला. सुमारे ९१ हजार कोटींचं कर्ज, तीनशेहून अधिक कंपन्यांचं जाळं, आणि ऑगस्ट २०१८पर्यंत सर्वोच्च पतमानांकन. १ ऑक्टोबर २०१८ला केंद्र सरकारला मंडळ बरखास्त करावं लागलं. नंतर कळलं की जोखीम समितीची बैठक २०१५पासून एकदाच झाली होती. मंडळावर इथेही नामवंत माणसं होती.

नामवंतांबद्दल आणखी एक सांगायला हवं, कारण बांधकाम क्षेत्रात त्याला वेगळा रंग आहे. संचालक स्वतंत्र आहे की नाही हे कायदा प्रवर्तकाशी असलेल्या नात्यावरून ठरवतो: नातेवाईक नाही, कंपनीत नोकरीला नव्हता, मोठा आर्थिक व्यवहार नाही. पण रस्त्याच्या कंपनीचं सर्वांत मोठं नातं गिऱ्हाइकाशी असतं, आणि गिऱ्हाईक असतं सरकार. ज्या खात्याने टेंडर काढलं, मोजमाप केलं, बिल पास केलं, त्याच खात्यातून निवृत्त झालेला अधिकारी मंडळावर आला तर कागदोपत्री तो स्वतंत्रच ठरतो. अखिल भारतीय सेवेतल्या अधिकाऱ्याला निवृत्तीनंतर खासगी नोकरी धरण्याआधी एक वर्ष थांबावं लागतं. पूर्वी दोन वर्षं थांबावं लागे. अशा माणसाचा अनुभव कंपनीला उपयोगाचा असतो हे खरं. पण प्रवर्तकाला अडवणारा तो, की खात्यातलं दार उघडून देणारा तो, हे भागधारकाने कसं ओळखायचं? निदान त्याने सेवेत असताना या कंपनीची कोणती कामं हाताळली, एवढं तरी नेमणुकीच्या ठरावात छापायला लावावं. आता स्वतंत्र संचालकाच्या नेमणुकीला विशेष ठराव लागतो, म्हणजे तीन चतुर्थांश मतं. मत मागता, तर माहितीही द्या.

आता अंदाजाकडे येऊ, कारण खरी ग्यानबाची मेख इथे आहे.

कापडाच्या दुकानात माल विकला की नफा कळतो. रस्त्याचं काम तीन-तीन वर्षं चालतं, म्हणून नफा टप्प्याटप्प्याने धरावा लागतो. १ एप्रिल २०१८पासून हे इंड-एएस ११५ या लेखा मानकाप्रमाणे होतं. पद्धत सोपी आहे: एकूण अंदाजित खर्चापैकी किती टक्के खर्च झाला, तेवढे टक्के काम झालं असं समजायचं आणि कंत्राटाच्या किमतीपैकी तेवढं उत्पन्न दाखवायचं. समजा १००० कोटींचा रस्ता आहे आणि कंपनीच्या अंदाजाने खर्च ९०० कोटी. वर्षअखेर ४५० कोटी खर्च झाले. म्हणजे काम निम्मं, उत्पन्न ५०० कोटी, नफा ५० कोटी. आता डांबराचा भाव, स्टील, मुरुमाची लांबलेली ने-आण, भूसंपादनातला उशीर हे सगळं धरून खर्च १००० कोटींवर जाणार असेल, तर तेच ४५० कोटी म्हणजे ४५ टक्के काम. उत्पन्न ४५०, नफा शून्य. साइटवर एक खडी इकडची तिकडे झालेली नाही. फक्त अंदाज बदलला आणि ५० कोटी नाहीसे झाले.

हा अंदाज करतं कोण? कंपनीचेच अभियंते. तपासतं कोण? लेखापरीक्षक, आणि तोही शेवटी त्याच अभियंत्यांना प्रश्न विचारतो. अंदाजित खर्च कंत्राटाच्या किमतीपेक्षा वर गेला की पुढचा सगळा तोटा त्याच वर्षी दाखवावा लागतो. म्हणजे अंदाज सुधारायला जितकं टाळाल तितका यंदाचा नफा टिकतो. लबाडी करायला कोणी बसलेलं नसतानाही हा मोह व्यवसायाच्या पोटातच असतो. तिमाही निकाल तोंडावर आहे, प्रवर्तकाचे शेअर तारण आहेत, बँकेला ठराविक गुणोत्तर दाखवायचंय. अशा वेळी 'पुढच्या तिमाहीत बघू' हे वाक्य किती सहज निघतं याची कल्पना बांधकामात काम केलेल्या कुणालाही असेल.

त्याच्या जोडीला क्लेम. जमीन वेळेत मिळाली नाही, नकाशा बदलला, जादा काम करवून घेतलं, म्हणून कंपनी काम देणाऱ्या सरकारी प्राधिकरणाकडे भरपाई मागते. प्रकरण लवादाकडे जातं, तिथून उच्च न्यायालयात, वर्षं जातात. हा न आलेला पैसा कधी आणि किती उत्पन्नात धरायचा? मानक सांगतं, पुढे मोठी रक्कम उलटी फिरवावी लागणार नाही याची दाट शक्यता असेल तरच धरा. 'दाट' म्हणजे किती, हे पुन्हा कंपनीच ठरवते. ब्रिटनमधल्या कॅरिलियन या बांधकाम कंपनीचं काय झालं ते इथे आठवावं. २०१७च्या वसंतात तिचे हिशेब ठाकठीक होते, लाभांशही दिला. जुलैत तिने कंत्राटांपोटी ८४५ दशलक्ष पौंडांची घट मान्य केली आणि जानेवारी २०१८ मध्ये कंपनी संपली. रुग्णालयं अर्धवट राहिली, सुमारे ४३ हजार कर्मचाऱ्यांच्या नोकऱ्या टांगणीला लागल्या. संचालक मंडळाच्या रचनेत खोट काढायला तिथेही फारशी जागा नव्हती.

उपकंपन्यांचं प्रकरण नाशिककरांच्या रोजच्या वाटेवरचं आहे. वडपे-गोंदे रस्ता झाला तेव्हा घोटीच्या नाक्यावर टोल घेत होती मुंबई नाशिक एक्सप्रेसवे नावाची कंपनी. तिच्यावर मालक म्हणून गॅमन इन्फ्रास्ट्रक्चर प्रोजेक्ट्स, २००८ साली शेअर बाजारात नोंदलेली. तिच्यावर गॅमन इंडिया, १९२२ची जुनी कंपनी, तीही नोंदलेली. पुढे गोंद्यापासून पिंपळगावापर्यंतच्या तुकड्याला पुन्हा निराळी कंपनी, पीएनजी टोलवे. यात बेकायदा काही नाही. बँका आणि प्राधिकरण यांनाच प्रत्येक प्रकल्प वेगळ्या कंपनीत हवा असतो. जानेवारी २०१६ मध्ये आलेल्या हायब्रिड अ‍ॅन्युइटी पद्धतीतही तेच. प्राधिकरण ४० टक्के रक्कम बांधकामाच्या काळात देतं, उरलेले ६० टक्के पुढची १५ वर्षं हप्त्यांनी, आणि मधल्या काळाचं कर्ज प्रकल्पाच्या कंपनीच्या नावावर. फक्त एवढंच की त्या कर्जाला अनेकदा मूळ कंपनीची हमी असते. मूळ कंपनीचा स्वतंत्र ताळेबंद बघितला तर कर्ज कमी. हमी मागच्या टिपांमध्ये 'संभाव्य देणी' या सदरात. वरच्या कंपनीच्या भागधारकाला खालच्या मजल्यावर काय जळतंय हे धूर वर आल्यावर कळतं. गॅमन इंडियाच्या कर्जाची २०१३ मध्ये फेररचना करावी लागली. ती बातमी वाचताना घोटीला टोल भरणाऱ्या किती जणांना हा धागा जुळला असेल?

आता संबंधित पक्षांशी होणारे व्यवहार. प्रवर्तक कुटुंबाची एक नोंदलेली कंपनी असते आणि आसपास पाच-पंधरा खासगी: कुणाचा क्रशर, कुणाचा रेडीमिक्सचा प्लँट, कुणाच्या नावावर भाड्याने दिलेली यंत्रं, कुणाची कार्यालयाची जागा. व्यवसाय असाच वाढलेला असतो, त्यात लपवण्यासारखं काही असेलच असं नाही. प्रश्न भावाचा आहे. क्रशरवाल्या भावाला खडीचा दर दोन रुपये जास्त दिला तर कुटुंबाच्या एका खिशातून दुसऱ्यात पैसा जातो, पण पहिल्या खिशात आपलाही वाटा असतो. म्हणून सेबीने सांगितलं की मोठ्या व्यवहाराला भागधारकांची मंजुरी घ्या आणि त्या मतदानात संबंधितांना बाजूला ठेवा. उत्तम. पण मोठा म्हणजे किती? २०२२पासून नियम असा होता: वर्षाला १००० कोटी किंवा एकत्रित उलाढालीच्या १० टक्के, यात जे कमी असेल ते. अगदी मोठ्या कंपन्यांसाठी सेबीने २०२५ मध्ये ही मर्यादा आणखी वर नेण्याचं ठरवलं. मध्यम बांधकाम कंपनीला १० टक्केच लागू राहतात.

५००० कोटी उलाढालीची बांधकाम कंपनी घ्या. १० टक्के म्हणजे ५०० कोटी. अशा कंपनीला निव्वळ नफा उलाढालीच्या ५ टक्के झाला तरी २५० कोटी. म्हणजे एकाच संबंधित कंपनीशी वर्षभराच्या नफ्याच्या दुपटीपर्यंत व्यवहार होऊ शकतो आणि छोट्या भागधारकाचं मत कोणी विचारणार नाही. औषधाच्या किंवा सॉफ्टवेअरच्या कंपनीत नफ्याचं प्रमाण मोठं असतं, तिथे उलाढालीचा टक्का ठीक असेल. जिथे उलाढाल अवाढव्य आणि नफा चिमूटभर, तिथे तीच फूटपट्टी लावणं म्हणजे नियम असून नसल्यासारखं. बांधकाम कंपन्यांसाठी ही मर्यादा नफ्याशी किंवा नक्त मालमत्तेशी बांधली पाहिजे, हा माझा पहिला आग्रह.

नात्याच्या व्याख्येचीही गंमत आहे. कंपनी कायद्यात नातेवाईक म्हणजे नवरा-बायको, आई-वडील, मुलगा-सून, मुलगी-जावई, भाऊ, बहीण आणि एकत्र हिंदू कुटुंबातले सदस्य. सेबीने प्रवर्तक गटातल्या सगळ्यांना संबंधित धरल्यामुळे बायकोचा भाऊही आत आला. पण साडू, व्याही, भाचा, चुलतभाऊ अजून बाहेर. आपल्याकडे व्यवसाय याच नात्यांतून चालतात हे दिल्ली-मुंबईत बसून नियम लिहिणाऱ्यांना ठाऊक नसेल असं नाही. १ एप्रिल २०२३पासून एक तरतूद आली खरी: त्रयस्थाशी केलेल्या व्यवहाराचा हेतू आणि परिणाम संबंधितालाच फायदा देण्याचा असेल तर तोही संबंधित व्यवहार धरायचा. पण त्रयस्थ कोण हेच जाहीर होत नसेल तर हेतू तपासायचा कुणी?

आणि हा त्रयस्थ बहुतेक वेळा पेटी ठेकेदार असतो.

मोठी कंपनी काम घेते आणि तुकडे पाडून वाटते. मातीकाम एकाला, मोऱ्या दुसऱ्याला, सेंटरिंग तिसऱ्याला, डंपर चौथ्याचे. या माणसाशिवाय महाराष्ट्रातला एकही महामार्ग झालेला नाही. वार्षिक अहवालात तो एका ओळीत असतो: उपकंत्राट खर्च, इतके कोटी. कुणाला, कोणत्या दराने, काही नाही. या ओळीतून दोन वेगवेगळे आजार आत शिरू शकतात. एक, मर्जीतल्या ठेकेदाराला चढा दर देऊन पैसा बाहेर काढणं. दुसरा जास्त सार्वत्रिक आणि जास्त साधा: ठेकेदाराचे पैसे थकवून कंपनीने आपली रोकड चांगली दाखवणं. वरून आरए बिल (झालेल्या कामाचं टप्प्याचं बिल) आलं की देऊ, एमबीवर (मोजमाप-वहीवर) सही व्हायचीय, रिटेन्शन (बिलातून कापून ठेवलेली रक्कम) दोष-दायित्व (दुरुस्तीची मुदत) संपल्यावर सुटेल, ही उत्तरं सिन्नर-मालेगावच्या कुठल्याही डंपरवाल्याला पाठ असतात. २०२५ मध्ये राज्यातल्या ठेकेदार संघटनांनी सरकारकडच्या हजारो कोटींच्या थकबाकीवरून आंदोलनं केली. वरचा पाट आटला की शेवटच्या शेताला पाणी पोचत नाही, तसं यात सर्वांत आधी पेटी ठेकेदार कोरडा पडतो; नोंदलेल्या कंपनीला निदान बँक तरी असते.

याचा कारभाराशी काय संबंध, असं कुणी म्हणेल. थेट संबंध आहे. थकवलेली देणी हे बिनव्याजी कर्ज असतं आणि ते कर्ज म्हणून मोजलं जात नाही. 'कंपनी कर्जमुक्त होत चालली' या मथळ्याखाली कधीकधी शंभर छोट्या ठेकेदारांची कर्जं वाढलेली असतात. एक चांगली गोष्ट मात्र झाली आहे. १ एप्रिल २०२१पासून देणी किती जुनी आहेत याचा तक्ता हिशेबात द्यावा लागतो: एक वर्षाच्या आतली, एक ते दोन, दोन ते तीन, तीन वर्षांवरची; वादातली वेगळी; सूक्ष्म व लघु उद्योगांची वेगळी. येणी किती जुनी याचाही असाच तक्ता असतो. वार्षिक अहवालातली सगळी रंगीत पानं सोडून हे दोन तक्ते शेजारी ठेवून वाचले तरी खूप कळतं. अडचण एवढीच की पहिला कप्पा सरसकट 'एक वर्षाच्या आत' असा आहे. चाळीस दिवस थकलेलं आणि अकरा महिने थकलेलं बिल त्यात मांडीला मांडी लावून बसतं. लघुउद्योगांसाठीच्या कायद्याची मुदत ४५ दिवसांची आहे. तक्त्यात तोच कप्पा का नाही?

मजुरांच्या जिवाचा हिशेब तर याहून अपुरा. सेबीच्या शाश्वतता अहवालात, पहिल्या १००० कंपन्यांना २०२२-२३पासून सक्तीचा, कामावरच्या मृत्यूंची संख्या द्यावी लागते, कायम नसलेल्या कामगारांसह. वाचणाऱ्याने विचारावं की पेटी ठेकेदाराच्या मुकादमाने आणलेला मजूर या संख्येत आहे का. अहवालावरून ते ताडता येत नाही. आणि जे नोंदलेलेच नाहीत त्यांचं काय? १ ऑगस्ट २०२३च्या पहाटेआधी शहापूरजवळ सरळांबे इथे समृद्धीच्या पुलाचा गर्डर लाँचर कोसळून २० जण गेले. तिथली मुख्य ठेकेदार कंपनी शेअर बाजारात नोंदलेली नव्हती, त्यामुळे असा अहवाल द्यायचं बंधनही नव्हतं. इगतपुरीचा बोगदा खणला जात होता तेव्हा अ‍ॅफकॉन्सही नोंदलेली नव्हती. ती बाजारात आली नोव्हेंबर २०२४ मध्ये. काम सरकारचं, पैसा जनतेचा, आणि उघड हिशेबाची अट मात्र कंपनीने भांडवल कुठून उभारलं यावर ठरते. मला हे उफराटं वाटतं.

राजकीय देणग्यांबद्दल थोडक्यात. १५ फेब्रुवारी २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने निवडणूक रोखे रद्द केले, तोवर २०१७च्या दुरुस्तीमुळे कोणत्या पक्षाला किती दिले हे कंपनीने भागधारकाला सांगायची गरज नव्हती. यादी बाहेर आली तेव्हा दुसऱ्या क्रमांकावर ९६६ कोटींसह मेघा इंजिनिअरिंग ही बांधकाम कंपनी होती. तीही नोंदलेली नाही. पण यादीत नोंदलेल्याही होत्या, आणि त्यांच्या भागधारकांना आपल्या पैशातून कुणाला देणगी गेली हे स्वतःच्या वार्षिक अहवालातून न कळता न्यायालयामुळे कळलं.

यावर कंपन्यांचं उत्तर असतं आणि ते हसण्यावारी नेऊ नये. प्रकल्पवार अंदाज छापले तर पुढच्या टेंडरला स्पर्धकाला आमचा दर कळेल. लवादात सरकारी वकील तोच कागद आमच्या तोंडावर फेकेल की तुम्हीच तर क्लेम बुडीत धरलाय. मुद्दा रास्त आहे. दुसरं, प्रवर्तकाने घर-दार, जमीन तारण टाकून, वैयक्तिक हमी देऊन कंपनी उभी केलेली असते. बैठकीला मानधन घेऊन येणाऱ्या स्वतंत्र संचालकापेक्षा त्याचं जास्त पणाला लागलेलं असतं. एल अँड टीसारखी प्रवर्तक नसलेली, व्यावसायिकांनी चालवलेली कंपनी हा अपवाद आहे. बाकीच्यांत घराण्याची जिद्द नसती तर बीओटीचे (बांधा, वापरा, हस्तांतरित करा) पहिले रस्ते झालेच नसते. हेही मान्य.

पण माझी मागणी दरपत्रकाची नाहीच. एकच आकडा द्या: यंदाच्या नफ्यातला किती भाग जुन्या कामांचे अंदाज बदलल्यामुळे आला किंवा गेला. त्यातून स्पर्धकाला काही मिळणार नाही आणि भागधारकाला बरंच काही मिळेल. ज्या कंपनीचे अंदाज दरवर्षी एकाच दिशेने, म्हणजे तोट्याकडे, सुधारावे लागतात, तिचे आजचे अंदाजही किती खरे हे मग सांगावं लागत नाही. आणि प्रवर्तकाची हमी बँकेला संरक्षण देते. त्या हमीवर आपल्याला दावा सांगता येत नाही.

दुसरी मागणी कंपन्यांकडे नाही, सरकारकडे आहे, आणि मला ती जास्त परिणामकारक वाटते. या धंद्यात गिऱ्हाईक सार्वजनिक आहे. महामार्ग प्राधिकरण, रस्ते विकास महामंडळ, महापालिका, आता कुंभमेळा प्राधिकरण. प्रत्येक मोठ्या कामाची आरए बिलं किती रकमेची, कधी मंजूर झाली, कधी पैसे दिले, किती मोबिलायझेशन अ‍ॅडव्हान्स (कामाआधी दिलेली उचल) वसूल व्हायचाय, किती क्लेम प्रलंबित, एवढं त्यांनी दर तिमाहीला संकेतस्थळावर टाकलं, तर कंपनीने दाखवलेलं उत्पन्न कुणालाही ताडून बघता येईल. कंपनी म्हणते ६० टक्के काम झालं आणि प्राधिकरणाने बिल पास केलंय ३८ टक्क्यांचं, तर मधल्या २२ टक्क्यांबद्दल विश्लेषक, बँक, पत्रकार, पेटी ठेकेदार सगळेच प्रश्न विचारतील. सिंहस्थाच्या कामांपासून हे सुरू करायला काय हरकत आहे? मुदत पक्की आहे, कामं मोजकी आहेत आणि बघणारे लोक शहरातच राहतात.

प्रत्यक्ष जाऊन बघण्याचं मोल किती असतं ते एप्रिल २०२५ मध्ये दिसलं. जेन्सोल इंजिनिअरिंग ही सौर प्रकल्प उभारणारी नोंदलेली कंपनी. सेबीच्या अंतरिम आदेशाप्रमाणे राष्ट्रीय शेअर बाजाराचा (एनएसई) अधिकारी ९ एप्रिलला तिच्या चाकणच्या विद्युत वाहन कारखान्यात गेला तेव्हा तिथे उत्पादन नव्हतं, दोन-तीन मजूर होते. मग त्याने महावितरणची बिलं मागितली. वर्षभरातलं सर्वांत मोठं बिल दीड लाखाच्या आसपास, डिसेंबर २०२४चं. संचालक मंडळ, समित्या, लेखापरीक्षक, पतमानांकन संस्था हे सगळं पार करून आलेली गोष्ट एका विजेच्या बिलापाशी अडली. बांधकाम कंपनीचा कारखाना तर उघड्यावरच असतो. शेअर बाजारांनी वर्षाला ठराविक साइट अचानक जाऊन बघाव्यात, सोबत स्वतंत्र अभियंता असावा आणि निष्कर्ष जाहीर करावेत.

हे नियम येतील तेव्हा येतील. तोवर जे हातात आहे ते वापरणारे फार कमी आहेत. वार्षिक सभा ऑगस्ट-सप्टेंबरात, आता बहुतेक ऑनलाइन. सभेची सूचना येते त्यात वक्ता म्हणून नाव नोंदवायची तारीख आणि ईमेल दिलेला असतो. एक शेअर असला तरी नाव नोंदवता येतं. लाभांश कधी वाढवणार आणि बोनस कधी देणार हे विचारणारे तिथे पुष्कळ असतात. अंदाज बदलल्याने नफ्यात काय फरक पडला, उपकंत्राटाचा सर्वांत मोठा वाटा कुणाला गेला, एक वर्षाच्या आतल्या देण्यांपैकी ४५ दिवसांवरची किती, हे विचारा. उत्तर आलं नाही तर तेही एक उत्तर म्हणून पुढच्या वर्षीपर्यंत लिहून ठेवा. ज्यांचे पैसे थेट शेअरमध्ये नसून एसआयपीत आहेत, त्यांचं मत म्युच्युअल फंड देतो. २०२२पासून त्याला प्रत्येक ठरावावर मत द्यावंच लागतं आणि बाजूने की विरोधात, का, हे दर तिमाहीला जाहीर करावं लागतं. ती यादी फंडाच्या संकेतस्थळावर असते. आपल्या फंडाने कोणत्या बांधकाम कंपनीच्या कोणत्या संबंधित व्यवहाराला होकार दिला ते तिथे नाव-तारखेसह सापडतं, आणि कारणाच्या रकान्यात काय लिहिलंय तेही.